कोण कुठे असतं

खोली बघायला गेले त्या दिवशी काकूंनी मला जात विचारली नाही, की मांसमच्छी खातेस का तेही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे ठेवून त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात खिडकी आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"कुठल्या अंगाला?"

मला सांगता येईना. दीड महिना त्या ऑफिसात जात होते, पण खिडकी माझ्या डावीकडे की उजवीकडे हे काही केल्या आठवेना. काकू जराशा काळजीने माझ्याकडे बघत राहिल्या. मग कमरेची किल्ली सोडवून माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "असू दे. मी बघून घेईन."

हे आपलं बोलण्यापुरतं असेल, असं मला वाटलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी जळगावहून बडोद्याला आले होते, ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर. मुलगी असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनचाच. आमचं ऑफिस लहान, कारखान्यांची ड्रॉइंगं काढून देणारं. बडोद्याच्या आसपास तेव्हा रोज कुठेतरी नव्या कंपनीची पाटी लागत होती, त्यामुळे काम भरपूर. काकूंचं घर मांडवीपासून चालत दहा मिनिटांवर. खाली काकू, काका आणि त्यांचा मुलगा शेखर राहायचे. शेखरपेक्षा मोठी नंदा लग्न होऊन अमेरिकेला गेलेली. वरची खोली मला मिळाली.

राहायला आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी बोर्डावर वाकून काम करत होते, तर समोर काकू. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात सुखडीच्या वड्यांचा डबा. आमच्या साहेबांना त्यांनी "मी हिची घरमालकीण, जरा बसते" एवढंच सांगितलं आणि माझ्या बाजूच्या स्टुलावर बसल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पाण्याचा माठ कुठे आहे ते बघितलं. उठून मागे जाऊन बाथरूम बघून आल्या. दहा मिनिटांनी सुखडीचा डबा सगळ्यांपुढे फिरवून निघून गेल्या. ऑफिसातले चारही पुरुष संध्याकाळपर्यंत हसत होते.

घरी आले ती तणतणतच. "काकू, मी काय शाळेतली मुलगी आहे? तपासायला कशाला आलात?"

काकू मेथी निवडत होत्या. त्यांना राग आला नाही. "तपासायला कुठे आले? अगं, दुपारी कामं आवरून मी जरा टेकते. तेव्हा मनात येतं, ही पोरगी आत्ता कुठे असेल. कुठे म्हणजे, काहीतरी दिसायला नको का डोळ्यांपुढे? नुसतं नाव घेऊन कसा विचार करायचा माणसाचा? आता दिसशील." आणि जुडी झटकत पुढे म्हणाल्या, "तुझा बोर्ड फिरवून घे. उजेड उजवीकडून येतो, हाताची सावली रेघेवर पडते. तुझ्या साहेबांना सांगून आलेय मी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर बोर्ड फिरवलेला होता. आणि दुपारी तीनच्या सुमाराला माझे डोळे चुरचुरायचे, ते थांबले. मी घरी जाऊन हे सांगितलं नाही. अजून राग गेला नव्हता.

काकूंचं हे लग्नापासूनचं होतं. माहेर इंदूरचं. लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही दिवसभर कुठे असता?" काका शहराच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते. सासूबाई कडाडल्या, "ही काय बायकांनी विचारायची गोष्ट आहे?" काका काहीच बोलले नाहीत. काका एरवीही काही बोलत नसत. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्या घरात हुकूम द्यायची नाहीतर ऐकायची सवय, असं काकू म्हणायच्या; ह्यांच्यापर्यंत येईतो हुकूम संपले आणि नुसतं गप्प राहणं उरलं.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी रविवार होता. काकांनी सायकल बाहेर काढली, मागच्या कॅरियरवर जुनी सतरंजी बांधली आणि बायकोला म्हणाले, "बस." सासूबाई बघत राहिल्या. पंपहाउसवर नेऊन त्यांनी तिला एकेका चाकासमोर उभं केलं. हा व्हॉल्व्ह उघडला की मांडवीकडे पाणी जातं. हा बंद केला की थांबतं. ही माझी खुर्ची. इथे डबा खातो.

"लग्नानंतर हे माझ्याशी एवढं बोलले ते पहिल्यांदाच," काकू मला सांगत होत्या. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईचा चेहरा सांगताना लाल झाला होता. "मग मी निर्धास्त झाले. सकाळी हे गेले की मला दिसायचे. नळाला पाणी आलं की वाटायचं, उघडला ह्यांनी."

सुरुवातीला मला वाटलं होतं, चौकस बाई आहे, चार घरच्या भानगडी लागत असतील. तसं नव्हतं. खंडेराव मार्केटात त्यांची एक ठरलेली भाजीवाली होती, रमीलाबेन. रमीलाबेनच्या गावच्या घरी म्हैस दाराच्या डावीकडे बांधतात आणि चूल मागच्या पडवीत आहे, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. रमीलाबेनचा नवरा काय करतो, मुलं किती, हे मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते नाही बाई विचारलं कधी." कोणाचा मुलगा नोकरीला लागला म्हणून पेढे आले की त्या पगार विचारत नसत. विचारत, "कितव्या मजल्यावर बसतो?" पेढे आणणाऱ्या आईला ते ठाऊक नसायचं. काकूंना याचं खरंच नवल वाटे.

शेखरला मात्र त्यांचा हा सोस नकोसा झाला होता. त्याला वाघोडियाच्या नव्या वसाहतीत नोकरी लागली, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात. लागल्या दिवशीच त्याने हात जोडले, "आई, तिथे यायचं नाही. ती कंपनी आहे, बाबांचं पंपहाउस नाही. आत कोणाला सोडत नाहीत."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्या दोन महिने गेल्या नाहीत. पण त्या दोन महिन्यांत त्यांचं कशात लक्ष नव्हतं. दुपारी टेकल्या की उठून बसायच्या. मला म्हणायच्या, "तो उभा असतो का गं बसलेला? आवाज किती असेल?" शेवटी एका सकाळी एसटीने गेल्या.

पुढचं मला शेखरकडूनच कळलं. गेटवरच्या वॉचमनने अडवलं, "बा, अंदर नहीं जवाय." काकू म्हणाल्या, "मारे जवुं नथी भाई, जोवुं छे." जायचं नाही, फक्त बघायचंय. आणि गेटसमोरच्या कडुनिंबाखाली पिशवी अंथरून बसल्या. कोणाशी भांडल्या नाहीत. डबा खाल्ला. वॉचमनला लोणचं दिलं. दुपारी मॅनेजर गाडीतून बाहेर निघाले तेव्हा त्यांनी चौकशी केली. भले गृहस्थ होते. त्यांनी काकूंच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि स्वतः आत घेऊन गेले. मशीनपाशी उभ्या असलेल्या शेखरने मान वर केली, तर समोर हेल्मेट घातलेली आई.

"मला वाटलं, जमीन दुभंगावी," तो म्हणाला.

काकू त्याच्याशी काही बोलल्या नाहीत. सगळं बघून झाल्यावर मॅनेजरना त्यांनी एकच विचारलं, "तमारां बा अहीं आव्यां छे कोई वार?" तुमची आई कधी आली आहे का इथे? ते म्हणाले, नाही. आणि पुढच्या शनिवारी ते आपल्या आईला घेऊन आले. म्हातारी साऱ्या कारखान्यात फिरली. शेखरच्या मशीनपाशी थांबून तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हे सांगताना शेखरचा आवाज जरा बदलला. पण "तरी आईने असं करायला नको होतं," हेही तो म्हणालाच.

त्या दिवसापासून एक झालं. तो घरी आल्यावर काकू त्याला हाका मारेनाशा झाल्या. दिवसभर त्या आवाजात उभा असतो म्हणून अर्धा तास घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम झाला. रेडिओसुद्धा बंद.

पण अमेरिकेला एसटी जात नव्हती.

नंदाचं लग्न काकांनी ठरवलं होतं. मुलगा इंजिनियर, तिकडेच स्थायिक, घराणं माहितीतलं. काका स्वतःहून कुणाशी बोलत नसले तरी जावयाचा विषय निघाला की दोन वाक्यं बोलत. नंदाची निळी एरोग्रामं यायची. ती काकू मोठ्याने वाचत आणि उत्तरात प्रश्न लिहीत. फ्रिज कुठे ठेवला आहे? स्वयंपाकघरातून काय दिसतं? दार आत उघडतं की बाहेर? नंदा बिचारी सगळ्याची उत्तरं द्यायची. तिला सवय होती.

एक दिवस पत्रांचा गठ्ठा घेऊन काकू माझ्या खोलीत आल्या. "तू कारखान्यांचे नकाशे काढतेस ना? मग नंदाचं घर काढून दे की."

मी हसले, आणि मग काढायला बसले. दोन रविवार लागले. मापं नव्हती, पण नंदाने पलंग, टेबल, गालिचा असं सगळं लिहिलेलं होतं, त्यावरून अंदाज बांधला. दुसरा मजला, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोन. खिडकीबाहेर मेपलचं झाड आणि गाड्या लावायची जागा. झोपायच्या खोलीत कधी ऊन येत नाही, असं तिने लिहिलं होतं. बैठकीच्या खोलीत जावयांची आरामखुर्ची. मी शाईने पक्कं ड्रॉइंग करून दिलं. काकूंनी ते फ्रेम करून ओट्यासमोर लावलं. पोळ्या लाटता लाटता त्या त्याच्याकडे बघायच्या. घड्याळातले तास उलटे मोजून म्हणायच्या, "आता इथे असेल," आणि पिठाचं बोट काचेवर ठेवायच्या. काच पुसून घ्यायचं काम माझं.

वर्षभर ते चाललं. मग पत्रांमध्ये काहीतरी बदललं. मला काहीच जाणवलं नाही. पत्रं पूर्वीसारखीच लांब होती, मजेत आहे, थंडी फार आहे, काळजी करू नका. काकू मात्र एक पत्र घेऊन वर आल्या. "हे बघ. लिहिते, फोन वाजला आणि अंथरुणातूनच घेतला. फोन तर स्वयंपाकघरात आहे. त्याची वायर केवढी असते?"

"लांब वायर घेतली असेल, काकू."

"असेल," त्या म्हणाल्या. 

पुढच्या पत्रात होतं, खाली कपडे धुवायची मोठी मशीनं आहेत, त्यामुळे खोली गरम राहते. आधी ती कपडे धुवायला गाडीतून लांब जायची. त्याच्या पुढच्या पत्रात, हल्ली उन्हाने जाग येते. काकूंनी तिन्ही पत्रं माझ्या टेबलावर ओळीने ठेवली. "हे सगळं त्या नकाशात बसव."

मी ट्रेसिंग पेपर घेतला. पलंग फोनजवळ आणला, तर तो आतल्या भिंतीला आला आणि ऊन यायला खिडकी उरली नाही. खिडकी दुसऱ्या भिंतीला काढली, तर जिना अडायला लागला. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा पेन्सिल खाली ठेवली. "काकू, हे एका घरात बसत नाही."

काकूंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मग दुसरं घर काढ," म्हणाल्या.

मी शेवटच्या सहा पत्रांतलं तेवढंच घेऊन नवं घर काढलं. एकच खोली निघाली. खिडकीशी पलंग, पलंगाशी फोन, त्याच खोलीत शेगडी. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "जावयांची खुर्ची कुठे ठेवतेस?"

मी पत्रं पुन्हा चाळली. कुठल्याच पत्रात खुर्ची नव्हती. "हेही मजेत" एवढं प्रत्येक पत्राच्या शेवटी होतं, एकाच ठिकाणी, एकाच अक्षरात.

मी म्हटलं, आपण उगीच काहीतरी लावत बसलोय. काकूंनी मान हलवली आणि माझी चप्पल दाखवली. "चल. मला नंबर लावून दे."

गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं बूथ होतं. रविवारची सकाळ. काकू काचेच्या केबिनमध्ये बसल्या, मी दार धरून उभी. फोन लागला. पलीकडून नंदाचा आवाज मलाही ऐकू येत होता. कशी आहेस, बाबा कसे आहेत, असं चाललं होतं. काकूंनी मध्येच विचारलं, "नंदा, तुझं नवं घर कितव्या मजल्यावर आहे?"

मला वाटलं लाइन कटली.

मग अगदी लहान आवाजात, "पहिल्या."

"हं."

"आई, तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही गं. तुझ्या फोनची वायर पुरत नव्हती."

नंदा रडायला लागली. काकूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. तिचं रडणं ओसरू दिलं आणि म्हणाल्या, "सहा महिने मी तुझा विचार भलत्याच घरात करत होते, बाळ. तू तिथे नव्हतीसच. आता नीट सांग. आत आलं की पहिलं काय लागतं?"

आणि नंदा सांगत गेली. दार, कोनाडा, शेगडी, खिडकीतून दिसणारी विटांची भिंत. फोनचा नंबर तिने तोच ठेवला होता आणि टपाल आधीपासूनच पोस्टातल्या पेटीवर यायचं, म्हणून इकडे काही कळलं नव्हतं. सांगता सांगता मधेच बाकीचंही आलं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. बोलायचाच नाही. आठवडे आठवडे. कुठे जातो, कधी येतो, विचारलं तर खोलीतून निघून जायचा. "बाबांना कसं सांगू? त्यांनी केवढ्या आनंदाने..." 

"ते मी बघते. न बोलणाऱ्याशी मीही संसार केलाय," काकू म्हणाल्या. "पण हे मला सायकलवर बसवून जागा दाखवायला घेऊन गेले होते. त्याने तुला एकदा तरी नेलं?"

"नाही," नंदा म्हणाली.

"मग निघालीस ते ठीक केलंस."

त्या तडक घरी आल्या. आल्यावर त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली, जुना नकाशा काढून घडी घातला आणि मला म्हणाल्या, "फोनवर सांगितलं तसं दुरुस्त कर आणि शाईने काढ." मी काढला. त्यांनी तो फ्रेममध्ये घालून पुन्हा खिळ्याला लावला. काकांना हे असंच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. 

काका दुपारी पाणी प्यायला आत आले. मी ओट्याशी उभी होते, निघून जावं असं वाटत होतं, पण काकूंनी डोळ्यांनीच थांबवलं. काका फुलपात्र हातात घेऊन भिंतीसमोर थांबले. चाळीस वर्षं त्यांनी नकाशे वाचले होते. खिशातून चष्मा काढून लावला.

"हे कोणाचं?"

"नंदाचं," काकू म्हणाल्या.

"आधीचं?"

"सोडलं तिने."

काका वाचत राहिले. त्यांचं बोट काचेवरून हळूहळू फिरत होतं, दारापासून पलंगापर्यंत, पलंगापासून शेगडीपर्यंत. "खुर्ची एकच आहे," ते म्हणाले.

"हो."

फुलपात्रातलं पाणी त्यांनी प्यायलं नाही, तसंच ठेवलं. त्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तरी आता काय होईल याची भीती वाटत होती. ते माझ्याकडे वळले. "उत्तर दाखवली नाहीस."

"काय?"

"नकाशात उत्तर दिशा दाखवायची असते. बाण कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही, काका. तिने लिहिलं नाही."

ते आपल्या खोलीत गेले. तासाभराने बाहेर आले ते निळं एरोग्राम घेऊन. आजवर नंदाच्या पत्रात काकूंच्या मजकुराखाली "बाकी क्षेम, बाबा" एवढंच त्यांचं अक्षर असायचं. "डिंक लावून टपालात टाक," म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी ते जिन्यात वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

चि. नंदा हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या खोलीचा नकाशा आज पाहिला. त्यात उत्तर दिशा दाखवलेली नाही. सकाळी ऊन कोणत्या भिंतीवर येते ते पाहून कळव. शेगडी पलंगापासून फार जवळ आहे, ती हलव. आणखी एक खुर्ची घे. आम्ही येऊ तेव्हा मला बसायला लागेल.

काका अमेरिकेला कधी गेले नाहीत. पासपोर्ट काढून ठेवला होता; त्यानंतर चार वर्षांनी, निघायचं ठरत असतानाच ते गेले. पण नंदाने खुर्ची घेतली होती. तिने तिकडे पुढचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली, नंतर तिथल्याच एका मराठी माणसाशी लग्न केलं. हा माणूस भरपूर बोलणारा निघाला. काकू दोनदा जाऊन आल्या. अमेरिका कशी आहे म्हणून कोणी विचारलं तर त्या नंदाच्या ऑफिसातलं टेबल सांगायच्या, आणि नात ईशा शाळेच्या बसमध्ये ज्या खिडकीशी बसते ती खिडकी. बाकी अमेरिका त्यांनी पाहिली की नाही, शंकाच आहे.

मी बडोद्यात चार वर्षं राहिले. मग लग्न होऊन पुण्याला आले. महिन्याभरात काकूंचं पत्र आलं, त्यात अकरा प्रश्न होते. मी उत्तरं न लिहिता नकाशाच पाठवला, बाणासकट. त्यावर त्यांचं एका ओळीचं कार्ड, "एकदम बराबर. दिसतेस."

आता काकू नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर मी हे सगळं सांगते आणि ऐकणारे हसतात, हळवे होतात. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की एवढ्यात काकू सांगून झाल्या. मग त्या हयात असतानाच एकदा कामासाठी बडोद्याला गेले तेव्हा त्यांच्याकडे उतरले होते. योगायोगाने नंदाही आलेली, ईशाला घेऊन. ईशा सात वर्षांची, मराठी छान बोलायची, फक्त ‘ळ’ म्हणता यायचा नाही. काकू सत्तरीला टेकलेल्या. सकाळी आम्ही सगळ्या शेव-उसळ खात बसलो होतो. शेखर कामावर गेला होता. ईशाने आजीला विचारलं, "आजी, तू दिवसभर कुठे असतेस?"

"कुठे असणार? घरी," नंदा म्हणाली. "खा तू."

काकूंनी बशी खाली ठेवली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण प्रश्नाने गोंधळलेल्या अशा कधी पाहिल्या नव्हत्या. हा प्रश्न त्यांनी शेकडो लोकांना विचारला होता. त्यांना कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

"आज बुधवार ना?" त्या म्हणाल्या. "दुपारी चल माझ्याबरोबर." मग आमच्याकडे बघून, जरा विचार करून, "तुम्हाला यायचं तर या."

बुधवारी दुपारी काकू भजनी मंडळाला जातात, हे आम्हाला ठाऊक होतं. मी राहत होते तेव्हाही जायच्या. नंदा लहान होती तेव्हाही. रिक्षा कमाटीबागेकडे वळली तेव्हा नंदाने माझ्याकडे बघितलं. बागेतल्या म्युझियमपाशी काकू उतरल्या. दारातला म्हातारा रखवालदार त्यांना बघून उठला. "आवो मासी, आजे मोडां पड्यां?" उशीर झाला का, असं विचारत तो आतून एक स्टूल घेऊन आला, आणि कुठे ठेवायचं ते न विचारता देवमाशाच्या सांगाड्यासमोर ठेवलं.

तो सांगाडा बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. दालनभर पसरलेल्या बरगड्या, होडीसारखा जबडा. काकू स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. 

ईशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाऊन आली. "तू इथे असतेस?"

"बुधवारी. तीन ते चार."

"कधीपासून?"

"तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हापासून."

नंदा भिंतीला टेकून उभी होती.

"इथे काय करतेस?" ईशाने विचारलं.

"बसते."

"आणि कोणाचा विचार करतेस? आमचा?"

काकूंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नाही गं. इथे मी कोणाचाच करत नाही. इथे आले की कोणी दिसत नाही मला. हाच दिसतो." त्यांनी हनुवटीने त्या सांगाड्याकडे दाखवलं. "हा केवढा आहे बघ. आणि याचं मला काहीच करायचं नाही."

ईशा हे ऐकून घेत आजीकडे बघत राहिली. तिचे डोळे अगदी काकूंसारखे आहेत, हे मला तेव्हा दिसलं. "मग आज आम्ही आलो तर तुला त्रास झाला?"

नंदा म्हणाली, "ईशा!"

पण काकू खरोखर विचार करत होत्या. "थोडा झाला," त्या म्हणाल्या.

ईशाला वाईट वाटलं नाही. तिने मान डोलावली, आईचा हात धरला, दुसऱ्या हाताने माझी ओढणी ओढली आणि आम्हा दोघींना बाहेर घेऊन आली. आम्ही तिघी पायऱ्यांवर बसलो. बागेत शाळेची मुलं ओरडत होती, शेंगावाला आला, त्याच्याकडून शेंगा घेतल्या. नंदा सोलून ईशाच्या हातावर दाणे ठेवत होती आणि मध्येच हात थांबून दाराकडे बघत होती. 

"भजन," ती एकदाच म्हणाली आणि हसली. मग डोळे पुसले.

चार वाजून गेले. सव्वाचार झाले. ईशाने विचारलं, "बोलवू का आजीला?"

"नको," नंदा म्हणाली. "बसू दे."